कॉन्फरन्सला जाताना बरोबर एक बग न्या

मराठवाड्यातून ओपन सोर्सच्या कॉन्फरन्सला जायचं म्हणजे दोन रात्री प्रवासाच्या धरूनच चालायचं. पुणं त्यातल्या त्यात जवळ. संभाजीनगरहून सकाळी निघून दुपारी पोचता येतं, पण नांदेड, हिंगोली, किनवटच्या माणसाला रात्रभर गाडीत काढावी लागते. बेंगळुरू तर आणखी लांब. एवढं करून तिथं जायचं, दिवसभर खुर्चीत बसून भाषणं ऐकायची आणि पिशवीभर स्टिकर घेऊन परत यायचं, याला माझ्या मते काही अर्थ नाही. भाषणांचे व्हिडिओ बहुतेक ठिकाणी नंतर यूट्यूबवर टाकतात. ते औंढ्यात बसूनही बघता येतात.

जे व्हिडिओत येत नाही त्यासाठी जायचं. आपण रोज वापरतो ते सॉफ्टवेअर लिहिणारी, तपासणारी, सांभाळणारी माणसं तिथं दोन दिवस एका छताखाली असतात. त्यांच्याशेजारी लॅपटॉप उघडून अर्धा तास बसता आलं, तर घरी एकट्यानं महिनाभर डोकं फोडून जे उलगडलं नसतं ते उलगडतं. पण रिकाम्या हातानं गेलात तर बोलणार काय? ‘मला ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचंय’ हे वाक्य त्यांनी सकाळपासून वीस जणांकडून ऐकलेलं असतं. ‘तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बिघडलंय, मी इथपर्यंत शोधलंय, पुढं अडलोय’ असं कुणी म्हटलं की ते खुर्ची ओढून बसतात.

आधी बग, मग तिकीट

बग म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक. तो शोधायला प्रोग्रामिंग यावंच लागतं असं नाही. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड वाचायची, बदलायची आणि वाटायची मुभा लायसन्समध्येच लिहून दिलेली असते असं सॉफ्टवेअर. तुमच्या वापरातलं असं एखादं निवडा. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, वर्डप्रेस. कॉलेजात असेल तर मूडल, नकाशांचं काम करत असाल तर क्यूजीआयएस. ‘कुठल्या प्रोजेक्टला मागणी आहे’ हा प्रश्न विचारू नका. जे तुम्ही स्वतः वापरत नाही त्यात काय खुपतं ते तुम्हाला कळणारच नाही.

मग एक संध्याकाळ त्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त मराठीतून काम करा. आडनावांची यादी टाकून अकारविल्हे लावून बघा. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. युनिकोड म्हणजे कंप्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला नंबर. नुसत्या युनिकोड क्रमानं यादी लावणारं सॉफ्टवेअर क्षीरसागरांना कुलकर्ण्यांच्या मागोमाग नेऊन बसवतं. पीडीएफ काढून त्यातला मजकूर कॉपी करून बघा, वेलांट्या जागेवर राहतात का ते दिसेल. सर्चमध्ये जोडाक्षरं टाका. प्रिंट काढा.

सर्चचंच एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण असा बग पुण्या-मुंबईच्या इंग्रजीत काम करणाऱ्या इंजिनियरला सहसा दिसत नाही. समजा, तालुक्यातल्या योजनांची यादी स्प्रेडशीटमध्ये आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द डोळ्यांना दहा ओळींत दिसतोय, पण सर्च केला की सहाच ओळी सापडतात. उरलेल्या चार ओळींत अक्षरं तीच, फॉन्ट तोच. फरक पोटात असतो. तो आडवा, पापणीसारखा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ‘ऱ’ म्हणजे U+0931 आणि पुढं हलन्त. दुसरा, साधा ‘र’ म्हणजे U+0930, हलन्त U+094D, आणि त्यापुढं झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, U+200D. वेगवेगळ्या कीबोर्डवरून हे वेगवेगळं पडतं आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखं दिसतं. कंप्युटरच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे निरनिराळ्या प्रकारे लिहिलेलं एकच अक्षर एकसारखं करणं, केलं तरी ते एक होत नाहीत, त्यामुळे सर्च लिहिणाऱ्यानं ही गोष्ट मुद्दाम हाताळावी लागते. ती कुणी हाताळली आहे आणि कुणी नाही, हे बघायला एक संध्याकाळ पुरते.

सापडलं की लगेच रिपोर्ट करायला धावू नका. प्रोजेक्टच्या इश्यूंच्या, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींच्या, यादीत आधी कुणी हेच लिहिलंय का ते बघा. बरेचदा तीन-चार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून सोडून दिलेलं सापडतं. तसं असेल तर नवा इश्यू न काढता त्याच्याखालीच तुमची माहिती जोडा. नसेल तर नवा लिहा: सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, काय काय केलं ते क्रमानं, काय व्हायला हवं होतं, आणि प्रत्यक्षात काय झालं. सोबत चार ओळींची नमुना फाइल द्या. रिपोर्ट वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही असं धरूनच लिहा, म्हणून वर दिलेत तसे कोड नंबर लिहायचे. ‘मराठी नीट चालत नाही’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही.

रिपोर्ट बहुधा इंग्रजीत लिहावा लागतो, आणि इथंच आपली पोरं थबकतात. थबकू नका. समोरचा जर्मनीतला, ब्राझीलमधला किंवा जपानमधला असू शकतो, त्याचीही ती शिकलेलीच भाषा आहे. छोटी, सरळ वाक्यं लिहा. त्याला तेच हवं असतं.

कुठली कॉन्फरन्स

पहिलीच वेळ असेल तर थेट मोठ्या कॉन्फरन्सला जाऊ नका असं मी सांगेन. पुण्यात पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेवाल्यांच्या, तसंच फॉस युनायटेड या भारतातल्या ना-नफा संस्थेच्या छोट्या बैठका होत असतात, बहुतेक शनिवारी. तीस-चाळीस माणसं, फी नाही, दुपारपर्यंत संपतं. तिथं जाऊन आलात की ही माणसं कशी बोलतात, कशावर हसतात, कशावर चिडतात याचा अंदाज येतो.

त्यानंतर मोठ्या. फॉस युनायटेड बेंगळुरूला ‘इंडियाफॉस’ भरवते. पायथॉनवाल्यांची पायकॉन इंडिया २००९ साली बेंगळुरूत सुरू झाली, नंतर ती दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशी फिरलेली आहे. वर्डप्रेसवाल्यांचे वर्डकॅम्प आपल्याकडं पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इथं झालेले आहेत आणि २०२६ च्या वर्डकॅम्प एशियासाठी मुंबईची निवड झाली. वेबसाइटची कामं घेणाऱ्या मुलामुलींसाठी वर्डकॅम्प सगळ्यात सोपं दार आहे, कारण तिथं बरेचदा एक अख्खा दिवस ‘कॉन्ट्रिब्युटर डे’ म्हणून ठेवलेला असतो. भाषांतर, दस्तऐवज, तपासणी, कोड अशी वेगवेगळी टेबलं मांडलेली असतात, आणि नवख्याला बसवून शिकवायला प्रत्येक टेबलावर कुणीतरी असतं. डेबियन या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची जागतिक डेबकॉन २०२३ साली कोचीला झाली होती. असा योग भारतात वारंवार येत नाही, पण पुन्हा आला तर सोडू नका.

वेळापत्रक बघताना भाषणांच्या नावांवर भुलू नका. शोधायचं ते एकच: स्प्रिंट, डेव्हस्प्रिंट, कॉन्ट्रिब्युटर डे किंवा हॅक-डे असं काही आहे का. म्हणजे लोक एकत्र बसून प्रत्यक्ष काम करतात तो वेळ. तो बहुधा मुख्य कॉन्फरन्सच्या आदल्या किंवा नंतरच्या दिवशी असतो आणि त्यासाठी वेगळी नावनोंदणी लागते. रिझर्व्हेशन करताना तो दिवस धरूनच करा. परतीची गाडी संध्याकाळची काढली आणि स्प्रिंट दुसऱ्या दिवशी, असं झालं तर जाण्याचा निम्मा हेतूच बुडाला.

पैशांचं: विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत असते. पायकॉन इंडियासारख्या ठिकाणी आर्थिक मदत देतात, डेबकॉनमध्ये ‘बर्सरी’ नावानं राहणं, जेवण, प्रवास यांची मदत मिळते. अर्ज कित्येक महिने आधी बंद होतात. अर्जात घरची परिस्थिती जरूर लिहा, त्यात लाजायचं काही नाही. पण तिथं जाऊन नेमकं काय करणार हेही लिहा. वर म्हटला तो बग रिपोर्ट इथं उपयोगी पडतो. ‘मी हा बग नोंदवला आहे आणि स्प्रिंटमध्ये दुरुस्त करायचा प्रयत्न करणार आहे’ या वाक्याला उत्साहाच्या दोन परिच्छेदांपेक्षा जास्त वजन आहे. स्वयंसेवक म्हणून गेलं तर प्रवेश फुकट मिळू शकतो, ओळखीही होतात. फक्त ड्यूटी स्प्रिंटच्या वेळात पडू देऊ नका.

निघण्याआधीचा आठवडा

कॉन्फरन्सचं वायफाय म्हणजे काय चीज असते ते गेल्यावर कळतंच. पाचशे माणसं एकाच वेळी जोडलेली असतात. तिथं जाऊन काही जीबींचं सोर्स डाउनलोड करू म्हणाल तर दुपार जाईल. म्हणून प्रोजेक्टचा कोड घरीच उतरवून घ्या, लागणारी सगळी पॅकेजेस टाका, आणि सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर एकदा बिल्ड होऊन, म्हणजे कोडपासून तयार होऊन, चालतंय याची खात्री करा. अनेकदा याच पायरीवर दोन-तीन संध्याकाळी जातात. जाऊ द्यात. बिल्ड करताना जिथं अडलात ते लिहून ठेवा, कारण सूचनांमधली चूक किंवा सुटलेली पायरी दाखवणं हेही योगदानच आहे. बऱ्याच जणांची पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या’ ही विनंती, नेमकी अशीच असते.

कोडसोबत येणाऱ्या रीडमी आणि कॉन्ट्रिब्युटिंग या दोन फाइली शेवटपर्यंत वाचा. कोड कुठं पाठवायचा, कमिटचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा, मजकूर कसा लिहायचा, चर्चा कुठं चालते, सगळं त्यात असतं. चर्चा टेलिग्रामवर असेल, मॅट्रिक्सवर, झुलिपवर किंवा अजूनही आयआरसीवर. तिथं आठवडाभर आधी दोन ओळी टाका: अमुक कॉन्फरन्सला येतोय, अमुक इश्यूवर बसायचं आहे, तुमच्यापैकी कुणी असणार का? उत्तर आलं तर जाण्याआधीच एक माणूस ओळखीचा झाला.

बरेच प्रोजेक्ट आपला कोड गिटहब या वेबसाइटवर ठेवतात. गिटहबनं २०२३ मध्ये कोड पाठवणाऱ्यांसाठी टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डखेरीज दुसरा पुरावा मागणारं लॉगिन, सक्तीचं करायला सुरुवात केली. ते घरीच चालू करा आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवा. प्रवासात फोन बंद पडला किंवा हरवला तर स्वतःच्याच खात्याबाहेर उभं राहायची वेळ येते. एसएसएच की, म्हणजे कोड पाठवताना तुमची ओळख पटवणारी फाइल, तीसुद्धा घरीच जोडून घ्या.

लिनक्सचा गंधही नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाकडं जा. लिनक्स, लिब्रेऑफिस यांसारख्या विषयांचे धडे तिथं मराठीतून ऐकायला मिळतात, एक-एक धडा साधारण दहा मिनिटांचा. मोबाइलवर ऐकत लॅपटॉपवर करत गेलं की चार-पाच दिवसांत हात बसतो.

प्रवासाचं तुम्हाला काय सांगायचं! मुंबईला देवगिरी, नंदीग्राम, तपोवन आहेत. बेंगळुरूला नांदेडहून थेट एक्सप्रेस आहे, परळी, उदगीर, बिदर करत जाते. पुण्याला रेल्वेपेक्षा एसटी किंवा ट्रॅव्हल्स बरी. बॅगेत एक्स्टेन्शन बोर्ड टाका. हॉलमध्ये सॉकेट कमी आणि लॅपटॉप जास्त असतात, बोर्डवाल्याच्या आजूबाजूला माणसं आपोआप जमतात. ओळख करून घ्यायचा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

तिथं पोचल्यावर

रजिस्ट्रेशनला बॅज मिळतो. काही ठिकाणी ‘माझा फोटो नको’ असं सांगणारी वेगळ्या रंगाची दोरी किंवा स्टिकर असतं. दुसऱ्यांच्या गळ्यातली ती बघून मगच मोबाइल काढा. कोड ऑफ कंडक्ट म्हणजे वागणुकीचे नियम लावलेले असतात, ते वाचा. कुणी त्रास दिला तर कुणाला सांगायचं हे त्यात लिहिलेलं असतं. एकटी येणाऱ्या मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे आधीच बघून ठेवावं.

दिवसाला दोन, फार तर तीन भाषणं ऐका. बाकीचा वेळ बाहेर, बूथवर, चहाच्या रांगेत. सगळ्यात अवघड काम म्हणजे घोळक्यात शिरणं. चार-पाच माणसं गोल करून बोलतायत आणि आपण पाण्याची बाटली हातात धरून लांब उभे. एरिक होल्शर या पायथॉन जगातल्या माणसानं यावर ‘पॅक-मॅन रूल’ सांगितला आणि तो बऱ्याच कॉन्फरन्सनी उचलला: घोळक्यात उभं राहताना एका माणसाची जागा नेहमी मोकळी सोडा, आणि ती भरली की सरकून पुन्हा एक करा. त्या व्हिडिओ गेममधल्या उघड्या तोंडाच्या पॅक-मॅनसारखा आकार, म्हणून हे नाव. तेव्हा घोळक्यात फट दिसली की ती तुमच्यासाठीच आहे असं समजून जाऊन उभे राहा. ऐकत उभं राहिलं तरी चालतं.

‘सर’ म्हणायची सवय मात्र इथं सोडावी लागते. आपल्याकडं मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं जिभेवर येत नाही, मला कळतं. पण ओपन सोर्समध्ये वीस वर्षांचा पोरगा पन्नास वर्षांच्या माणसाचा कोड तपासतो, चूक काढतो आणि दोघंही एकमेकांना नावानंच बोलावतात. तो उद्धटपणा धरला जात नाही. अगदीच जड गेलं तर हाक न मारता बोलायला सुरुवात करा. आणि पुण्यात असाल तर सरळ मराठीत बोला. समोरचा बीडचा किंवा लातूरचा निघायची शक्यता कमी नसते. शिकायला, नोकरीला तिकडं गेलेलं आपलं माणूस थोडं आहे का?

प्रश्न विचारताना ‘ओपन सोर्स कसं सुरू करू?’ असं मोघम नको. लॅपटॉप उघडा, नमुना फाइल दाखवा, दोन ओळींत अडचण सांगा. समोरच्याला उत्तर येत नसेल तर ‘हे कुणाला विचारावं?’ असं विचारा. तो तुम्हाला हाताला धरून तिसऱ्या माणसाकडं नेतो, आणि ती ओळख तुमची तुम्हाला करून घेता आली नसती.

दोन नावं कानावर पडतील. ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ म्हणजे एका विषयात रस असलेल्यांनी ठरवून गोल बसणं. भारतीय भाषांवरचं असं काही दिसलं तर बाकी सगळं सोडून तिथं बसा. ‘लायटनिंग टॉक’ म्हणजे पाच मिनिटांचं भाषण, अनेक ठिकाणी त्याच दिवशी फळ्यावर नाव लिहून मिळतं. तो ‘शेतकऱ्यांसाठी’चा किस्सा पाच मिनिटांत बसतो.

स्प्रिंट

इथं काम असं चालतं. प्रोजेक्टचा फोर्क काढायचा, म्हणजे तुमच्या खात्यावर त्याची प्रत तयार होते. ती क्लोन करून लॅपटॉपवर घ्यायची. नवी ब्रांच, म्हणजे आपल्या बदलांसाठी वेगळी फांदी, काढायची, मेन या मुख्य फांदीवर हात लावायचा नाही. बदल करायचा, प्रोजेक्टच्या टेस्ट चालवायच्या, कमिट करायचं, पुश करायचं, म्हणजे आपल्या खात्यावर चढवायचं, आणि पुल रिक्वेस्ट उघडायची. वाचायला मिनिट लागलं. पहिल्यांदा करताना दुपार लागते, आणि शेजारी मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा माणूस, असण्याचा फायदा तेव्हाच कळतो.

तुमचा स्वतःचा बग फार खोल निघाला, तर ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल लावलेला एखादा सोपा घ्या. पण मेंटेनरला विचारून घ्या, कारण जुने सोपे इश्यू बरेचदा कधीच सुटलेले असतात, फक्त बंद करायचे राहिलेले असतात.

एका गोष्टीवर नवख्यांच्या पुल रिक्वेस्टी हमखास अडतात. बदल असतो दोन ओळींचा, पण कोड लिहायच्या एडिटरनं फाइल सेव्ह करताना आपल्या मनानं सगळी मोकळी जागा, सगळे टॅब सरळ करून टाकलेले असतात. रिव्ह्यू करणाऱ्याला चारशे ओळी बदललेल्या दिसतात. त्यातल्या कामाच्या दोन त्यानं कुठून शोधायच्या? कमिट करण्याआधी बदललेल्या ओळी दाखवणारी ‘गिट डिफ’ ही आज्ञा चालवून स्वतः बघा. जी ओळ तुम्ही मुद्दाम बदलली नाही ती तिथं दिसता कामा नये. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच विषय. कमिटच्या मजकुरात काय बदललं याबरोबर का बदललं तेही लिहा. काय ते डिफमध्ये दिसतंच.

काही प्रोजेक्ट कमिटखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी तुमच्या नावाची ओळ मागतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ही पद्धत २००४ पासून आहे. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं तुम्ही त्यातून लिहून देता. नोकरी करत असाल तर कंपनीबरोबरचा करार एकदा वाचा. कामाच्या वेळात, कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड कुणाचा, हे त्यात लिहिलेलं असू शकतं.

संध्याकाळपर्यंत मर्ज झालं, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेतला गेला, तर उत्तम. नाही झालं तरी पुल रिक्वेस्ट उघडून निघा, आणि ज्यांच्याबरोबर बसलात त्यांचं गिटहबवरचं नाव लिहून घ्या.

परत आल्यावर

खरी गळती इथं होते. सोमवारी कॉलेज, ऑफिस, सोयाबीनची काढणी, जे असेल ते सुरू होतं आणि पुल रिक्वेस्ट तशीच पडून राहते. दोन आठवडे आठवड्यातली एक ठरावीक संध्याकाळ तिच्यासाठी ठेवा. रिव्ह्यूमध्ये सुधारणा सांगितल्या असतील तर त्याच ब्रांचवर करून पुश करा, नवी पुल रिक्वेस्ट उघडू नका. टिप्पण्या तुटक वाटतात: ‘हे इथं नको’, ‘टेस्ट कुठं?’ तो राग नसतो. बरेच मेंटेनर आपली नोकरी सांभाळून रात्री हे काम करतात. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण द्या. रोज ‘एनी अपडेट?’ टाकू नका.

आपल्याकडच्या मुलांची एक सवय जगभरात माहीत झाली आहे, आणि ती चांगली म्हणून नाही. इश्यू दिसला की खाली ‘प्लीज असाइन मी’, म्हणजे हे काम माझ्या नावावर करा, असं लिहायचं आणि गायब व्हायचं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी आणि गाडीत चढूच नये, तसं हे. दुसऱ्या कुणाला त्या इश्यूवर बसता येत नाही आणि काम तिथंच राहतं. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये असाइन करून घ्यायची गरजच नसते. सरळ काम करा आणि पाठवा.

२०२४ च्या सुरुवातीला याहून मोठा तमाशा झाला. पुल रिक्वेस्ट कशी उघडायची हे शिकवणाऱ्या एका भारतीय व्हिडिओत उदाहरणादाखल एक्सप्रेस-जेएस हा प्रोजेक्ट घेतला होता. बघणाऱ्यांनी त्याच प्रोजेक्टच्या रीडमीत आपापली नावं घालणाऱ्या पुल रिक्वेस्टींचा पाऊस पाडला. त्याआधी २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरात पुल रिक्वेस्टी पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या उपक्रमात, टी-शर्टसाठी एखादा शब्द इकडचा तिकडे करणाऱ्या पुल रिक्वेस्टी इतक्या आल्या की आयोजकांना नियम बदलावे लागले. तेव्हापासून ज्या प्रोजेक्टनं स्वतःहून होकार दिला आहे तिथलंच काम मोजलं जातं. सराव करायचा असेल तर स्वतःची रिपॉझिटरी (कोडची जागा) काढून तिच्यावर करा.

एआयबद्दलही तेच. चॅटबॉटकडून कोड लिहून घेऊन, न वाचता पाठवण्याचं पीक आलं आहे. कर्ल या प्रोजेक्टचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी अशा बनावट सुरक्षा-रिपोर्टांबद्दल जाहीरपणे संताप व्यक्त केला आहे. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी २०२४ मध्ये एआयनं लिहिलेल्या कोडवर बंदी घातली, नेटबीएसडीनं आगाऊ लेखी परवानगीचा अपवाद ठेवून. समजून घ्यायला मदत जरूर घ्या, पण तुम्हाला ओळ न् ओळ समजावून सांगता येत नसेल ते पाठवू नका. रिव्ह्यूमध्ये पहिलाच प्रश्न ‘हे असं का केलं?’ हा असतो.

कोड येत नसेल तर

तर मराठवाड्यातल्या माणसाकडं कोडवाल्यांपेक्षा जास्त काम आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून भरलेला खुला नकाशा उघडा आणि आपला तालुका मोठा करून बघा. शहराच्या गल्ल्या दिसतील, पण वाड्या, वस्त्या, तांडे? नाईकाच्या नावानं ओळखला जाणारा तांडा, तिथली जिल्हा परिषदेची शाळा, पाण्याची टाकी, पावसाळ्यात बंद होणारा ओढ्यावरचा रस्ता, हे उपग्रहाच्या फोटोत घरांच्या ठिपक्यांपलीकडं कळत नाही. ते तिथं राहणाऱ्यालाच माहीत असतं. अँड्रॉइड फोनवर ‘स्ट्रीटकम्प्लीट’ नावाचं ॲप टाका. ते तुमच्या आसपासच्या रस्त्यांबद्दल, इमारतींबद्दल साधे प्रश्न विचारतं आणि तुमची उत्तरं नकाशात भरतं. नवी वस्ती घालायची तर कंप्युटरवरून संपादन करा. गावाचं नाव देवनागरीत भरायला ‘नेम’ला ‘एमआर’ जोडलेला (name:mr) वेगळा टॅग, म्हणजे माहितीचा रकाना, आहे. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अशी जुनी नावं पुसायची नसतात, ‘ओल्ड नेम’ या टॅगमध्ये ठेवायची असतात. जुन्या नावानं शोधणाऱ्यालाही गाव सापडलं पाहिजे.

एक पक्का नियम: गूगल मॅप्समध्ये बघून काहीही भरायचं नाही. त्यांचं लायसन्स तशी परवानगी देत नाही. स्वतः पाहिलेलं, किंवा नकाशा संपादित करायच्या साधनातच जोडून दिलेल्या उपग्रह-चित्रांवरून काढलेलं तेवढंच.

फायरफॉक्सवाल्या मोझिलाचा कॉमन व्हॉइस हा मशीनला बोलणं कळावं म्हणून आवाज गोळा करणारा प्रकल्प आहे, त्यात मराठी आहे. वाक्यं वाचून आवाज द्यायचा, दुसऱ्यांचे आवाज ऐकून तपासायचे. त्यातून जमलेला साठा कुणालाही वापरायला खुला असतो. परभणीच्या आजीचं बोलणं मशीनला कळावं असं वाटत असेल तर तिच्याकडून दहा वाक्यं वाचून घ्या.

आपल्या गावात

तीन-चार योगदानं झाली की गावात एक बैठक भरवा. संभाजीनगर आणि नांदेड इथं विद्यापीठं आणि इंजिनियरिंग कॉलेजं आहेत. बाकी जिल्ह्यांतही एखादी लॅब मिळतेच. विभागप्रमुखांना एक पानी अर्ज द्या, त्यात ‘प्रवेश मोफत’ आणि ‘लॅबची जबाबदारी अमुक शिक्षकांची’ या दोन गोष्टी असल्या की परवानगी लवकर मिळते. तारीख हवी असेल तर सॉफ्टवेअर फ्रीडम डे सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. म्हणजे आपला १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन जवळपासच येतो. सकाळी झेंडावंदन आणि दुपारी लिनक्स, असंही जमवता येईल.

भाषणं ठेवू नका. दहा माणसं, तीन तास, प्रत्येकानं एक बग नोंदवायचा किंवा नकाशात एक वस्ती भरायची, बस्स. लागणारी सगळी पॅकेजेस आणि सोर्स दोन पेन ड्राइव्हवर उतरवून न्या. दोन जणांचे मोबाइल हॉटस्पॉट वेगवेगळ्या कंपन्यांचे असू द्यात. लाइट जाणार हे गृहीत धरून सगळ्यांना लॅपटॉप पूर्ण चार्ज करून यायला सांगा. पुढच्या बैठकीची तारीख लोक उठायच्या आधीच ठरवा. आणि बैठक रविवारची असेल तर लॅबची किल्ली कुठल्या शिपाईमामांकडं आहे आणि ते त्या दिवशी गावात आहेत का, हे शनिवारीच विचारून ठेवा.